आवळवाडीचा ठिपका

१

वामनरावांना एका गोष्टीचा अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता. अंबडच्या तहसील कचेरीत घसट्या हाताची जुनी उर्दू, मोडी आणि बाळबोध, तिन्ही एकाच वेगाने वाचणारा माणूस एकच होता. निजामाचं राज्य जाऊन आठ वर्षं झाली, साहेब बदलले, शिक्के बदलले, कारभार मराठीत आला. वामनराव दफ्तरखान्यात होते तिथंच होते. वाचता येणाऱ्याला कोण हलवतंय?

छप्पन्न सालचा भादवा चालू होता. पहिल्या नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात जाणार होता. त्याआधी तालुक्यावर साठ वर्षांत आलेल्या सगळ्या आपत्तींचा तक्ता करून पाठवा, असा वरून हुकूम आला. दुष्काळ, पूर, गारा, टोळ, आग, प्लेग, पटकी. साल, गाव, माणसं किती गेली, गुरं किती गेली, आणि शेवटचा रकाना: माहितीचा आधार.

"दुनियेतले सगळे देश असे तक्ते करून राह्यलेत म्हणे," वामनरावांचे वरिष्ठ, पेशकार काकासाहेब, पानाला चुना लावत म्हणाले. "कुठं किती मेले, कशानं मेले, सगळं एका जागी जमा."

"आणि मग?" वामनरावांनी विचारलं.

"मंग पुढच्या खेपेला कमी मरतील."

"न्हाई तर बराबर मोजले तरी जातील," चपराशी बद्रीनाथ दारातून बोलला. साठीचा माणूस, त्याच्या तोंडाला कचेरीत कुणीच लगाम घालू शकलं नव्हतं.

रोज अकराला बद्रीनाथ शिडीवर चढायचा, कापडात बांधलेला एक बस्ता खाली सोडायचा, झटकायचा, खोकायचा आणि निघून जायचा. मग खोलीत उरायची जाड भिंतींची गार शांतता, वर कबुतरांची घूं घूं आणि वामनरावांच्या टाकाची कुरकुर. माणूस मेला की घरचे रडतात, पण कागदाला त्याचा पत्ता भलत्याच वाटेनं लागतो. दुष्काळ सापडला तो खडी फोडणाऱ्या बायांच्या हजेरीत. प्लेग सापडला तो कौलं उतरवलेल्या घरांच्या यादीत. गोदावरीचा पूर सापडला एका गुरवाच्या अर्जात: देवळाच्या सात पायऱ्या पाण्याखाली आहेत, नैवेद्य होडीतून न्यावा लागतो, सरकारनं होडी द्यावी. वामनरावांना यात मजा वाटे. लपलेलं मरण हुडकून रकान्यात बसवलं की ते मान मागे टाकून मिनिटभर डोळे मिटत.

त्या दिवशी तेराशे बावन्न फसलीचा बस्ता सुटला. म्हणजे इंग्रजी त्रेचाळीस साल. वरच्या कागदाला हात घालताना बोटांना काहीतरी गार लागलं.

एक खडा होता. लिंबाएवढा, पांढुरका, नदीतला.

तेरा वर्षं बांधून ठेवलेले कागद हात लावला की भुगा होत होते. आणि खडा ओला होता.

२

त्यांनी तो खिडकीत ठेवला आणि काम पुढं ढकललं. कबुतरांचं काहीतरी असेल. बद्रीनाथ बस्ता घेऊन मोरीवरून आला असेल. माणसाचं डोकं अशा वेळी फार तत्पर असतं. कारण मागायच्या आधी दोन कारणं पुढं करतं.

दुसऱ्या दिवशी त्याच बस्त्यात आणखी दोन खडे निघाले. एक मोठा, एक चपटा. दोन्ही ओले.

"बद्रीनाथ, ही काय थट्टा आहे?"

बद्रीनाथ जवळ आला. खडे पाहून त्याचा चेहराच बदलला. त्यानं हात लावला नाही.

"वामनराव, हे हैज्याचे खडे हायत. तुमाला ठावं न्हाई? तुमी तर त्या वक्ताला फिरतीवर होता ना?"

"विसरलो असेन."

"ह्या गोष्टी कुणी इसरतं का?" बद्रीनाथ खाली उकिडवा बसला. "पटकीच्या गावात सरकारी माणसानं शिरायचं न्हाई, असा हुकूम होता. मंग कोतवालानं काय करायचं, वेशीबाहेरच्या धोंड्यावर खडे मांडायचे. मोठा खडा म्हंजे गडी, चपटा म्हंजे बाई, बारका म्हंजे लेकरू. सरकारी माणूस चाळीस पावलांवर थांबायचा. कोतवाल मागं सरला की ह्यानं पुढं व्हायचं, मोजायचे, आन् उचलून झोळीत घालायचे. खडे उचलले की गावाला कळायचं, सरकारनं आयकलं. मंग दोन दिसांत डागदर, लस, विहिरीत लाल औषध."

"आणि नाही उचलले तर?"

बद्रीनाथानं वर पाहिलं. "न्हाई उचलले तर धोंड्यावरच राहत असतील, अजून काय. पर असा कोण असंल?"

वामनराव हसले. हसू तोंडातच वाळलं.

घरी जेवताना त्यांच्या दातांखाली कचकन खडा आला.

"अगं बाई! चांगली निवडली होती की ज्वारी," प्रेमला म्हणाली. "आज काय झालंय? तुम्ही घास मोजून राह्यलात का खाऊन राह्यलात?"

दहा वर्षांची अरुंधती फिस्सकन हसली. तेवढी एकच पोर त्यांना होती, आणि तिच्या हसण्यानं घर भरत असे. वामनरावांनी खडा तळहातावर थुंकला. बारका होता. त्यांनी मूठ मिटली आणि हात धुवायला उठले.

३

खरं तर ते काहीच विसरले नव्हते.

तेराशे बावन्नचा तीर महिना, म्हणजे आपला वैशाख. वामनराव तेव्हा तेवीस वर्षांचे, हंगामी कारकून. कोरा करडा कोट अंगात, बुडाखाली सरकारी तट्टू, आणि आठ दिवसांवर लग्न. मुलगी आष्टीची. अंबडहून आष्टीला जायची वाट घनसावंगीवरून, आणि त्या वाटेवर आवळवाडी ही नऊ-दहा घरांची वस्ती. वाटेवरच्या गावात पटकी लिहिली गेली की वाट बंद; वऱ्हाड जाणार नाही, येणार नाही, आणि पुढचा मुहूर्त चातुर्मास सरल्यावर. मुलीचा बाप आधीच कुरकुरत होता. त्याला दुसरं स्थळ सांगून आलेलं होतं.

ते चिंचेखाली थांबले. ऊन चिंचेच्या पानांतून कोटावर सांडत होतं. चाळीस पावलांवर धोंडा, आणि धोंड्याजवळ वाडीचा कोतवाल रखमाजी, तोंडाला फडकं बांधलेला. त्यानं खडे मांडलेले होते. किती, ते तट्टावरून दिसत होतं. सात.

"मालक, मोजून घ्या," रखमाजीनं हाक दिली आणि रीतीप्रमाणं वीस पावलं मागं सरला.

वामनराव उतरले नाहीत. खिशातून त्यांनी कागद काढला. उर्दूत शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. पेन्सिल कागदाला एकदाच टेकली.

"मालक, खडे ऱ्हायले! खडे उचलायचे ऱ्हायले!"

ऐकू न आल्यासारखं त्यांनी लगाम खेचला. पाठीमागून ती हाक बराच वेळ येत राहिली. नंतर ती हाक राहिली नाही, नुसता आवाज राहिला. लग्नानंतर येऊन दुरुस्त करू, असं ते स्वतःला सांगत होते.

लग्न थाटात झालं. दोन महिन्यांनी पटवाऱ्याचा कागद आला: मौजे आवळवाडी, बेचिराग. जिथं दिवा लावायला माणूस उरलेलं नाही अशा गावाला सरकारी कागदात हाच शब्द आहे. कुणी विचारलं नाही की एकही माणूस मेलं नाही आणि गाव रिकामं कसं झालं. दोन्ही कागद एकाच बस्त्यात तेरा वर्षं एकमेकांना टेकून होते.

४

आता खडे रोज येऊ लागले.

वामनरावांनी दफ्तरखान्याला स्वतःचं कुलूप लावलं. किल्ली जानव्याला बांधली. दुसऱ्या दिवशी कुलूप जसंच्या तसं, आणि टेबलावर खडे. पसरलेले नव्हते, मांडलेले होते. पहिली रांग मोठ्यांची, दुसरी चपट्यांची, तिसरी बारक्यांची. प्रत्येकाखाली लाकडावर पाण्याचा गोल डाग.

मांडणारा दिसत नसे. वामनराव कागदावर वाकलेले असताना मागं टक् असा एक आवाज होई, दगडावर दगड अलगद ठेवल्याचा. टाकल्याचा नाही. ठेवणाऱ्याचा हात थकलेला आहे हे आवाजावरून कळे. वळून पाहिलं की रांगेत एक वाढलेला. भर दुपारी, खिडकीतून ऊन आत येत असताना, बाहेर पक्षकारांची कलकल चालू असताना.

कुणी त्यांना दगड मारले असते, भिंतीतून कुणी ओरडलं असतं, तर बरं झालं असतं. इथं रागाचा मागमूस नव्हता. सरकारी कामाला मदत व्हावी म्हणून कुणीतरी इमानानं, नेमानं, चूक होऊ नये म्हणून रांगा धरून खडे मांडत होतं. तेच सोसवत नव्हतं.

तक्ता पुरा होत आला होता. साठ वर्षं, एकशे अकरा गावं. एकच घर कोरं होतं: आवळवाडी, तेराशे बावन्न.

खरं लिहायचं, असं वामनरावांनी एका दुपारी ठरवलं. टाक उचलला, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आकडा त्यांना माहीतच नव्हता. सात हा त्या दिवसाचा. पुढं किती? डॉक्टर गेला नव्हता, पटवारी फिरकला नव्हता, शेजारगावांनी वाट मोडली होती. जगाच्या पाठीवर आवळवाडीचा आधार एकच होता, आणि तो टेबलावर मांडलेला होता.

५

त्यांनी दार आतून लावलं, घाम पुसला आणि मोजायला घेतलं.

रीत होती मोजायची आणि उचलायची. ते एकेक खडा उचलून झोळीत घालत गेले. खडे इतके गार होते की बोटं बधिरली. मोठे सोळा. चपटे पंधरा. बारके दहा. दहावा उचलला आणि मागं टक् झालं. अकरावा. तो सुपारीएवढा होता. वामनरावांनी तोही झोळीत घातला.

मग टेबलाच्या पार कडेला आणखी एक मोठा खडा दिसला. तो रांगेत नव्हता. तो मांडलेला नव्हता; हातातून सुटून घरंगळत गेल्यासारखा वाकडा पडलेला होता. हा कुणाचा, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. सगळ्यांचे खडे मांडणाऱ्याचा खडा मांडायला कोण उरलं असणार?

त्रेचाळीस. वामनरावांनी तक्त्यात पेन्सिलीनं त्रेचाळीस लिहिलं. खोली एकदम हलकी झाली. कबुतरांचा आवाज परत आला. तो बंद होता हेही त्यांना तेव्हाच कळलं.

संध्याकाळी काकासाहेबांनी तक्त्यावरून बोट फिरवलं आणि एका घरावर ठेवलं.

"आवळवाडी त्रेचाळीस? आधार काय? रकाना कोरा आहे."

वामनराव उभे होते. दारात बद्रीनाथ उभा होता.

"मूळ कागदात तर ठिपका दिसून राह्यलाय," काकासाहेब म्हणाले. "खाली सही कुणाची? ओहो, तुमचीच की. मंग त्रेचाळीस आले कुठून, वामनराव?"

एवढंच म्हणायचं होतं: तो ठिपका खोटा आहे, मी खोटा लिहिला. पाच-सहा शब्द. वामनरावांनी तोंड उघडलंही. डोळ्यांपुढं चौकशी आली, नोकरी आली, आणि सगळ्यात पुढं प्रेमला आली, हळदीनं पिवळी झालेली, आष्टीच्या मांडवात. तो मांडव कशावर उभा होता हे तिला कळणार. तिच्या डोळ्यांत आपण कसे दिसू? अरुंधतीच्या?

"चुकून लिहिलं," ते म्हणाले.

"मी बी तेच म्हणतो. मराठीत नीट लिहा, निरंक. शाईनं लिहा, पेन्सिल चालत न्हाई."

वामनरावांनी रबरानं त्रेचाळीस पुसलं. निरंक लिहिलं. आधार: मूळ नोंद. खाली सही केली, आणि सही फार सुरेख आली.

बद्रीनाथ दारातून बाजूला झाला, जरा जास्तच बाजूला, आणि वामनराव गेले त्या वाटेवर त्यानं थोडा वेळ पाय ठेवला नाही.

झोळी राहिली होती. कचेरीमागं जुनी विहीर आहे; वामनरावांनी झोळी तिच्यात उलटी केली. त्रेचाळीस खडे खाली गेले. ते कान देऊन उभे राहिले. पाण्यात काही पडल्याचा आवाज आला नाही.

६

नंतर काहीच झालं नाही. टेबल कोरडं राहिलं. पहिल्या नोव्हेंबरला कचेरीवर तोरण लागलं, पेढे वाटले गेले, काकासाहेबांनी भाषण केलं आणि त्यात वामनरावांच्या तक्त्याचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वामनरावांना परत झोप लागू लागली. आपल्याला झोप लागते याचीच त्यांना कधी कधी लाज वाटे, पण ती लाजही झोपेआड जाई.

आठ-दहा दिवसांनी दुपारी कचेरीत निरोप आला, घरी बोलावलंय. घर गावाच्या टोकाला, घनसावंगीच्या वाटेवर. शेजारच्या दोन्ही घरांची दारं लावलेली होती. भर दुपारी दारं कोण लावतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांची चाल वाढली.

प्रेमला ओट्याला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे.

"अरू पहाटेपासून उलट्या करून राह्यली. पोटात पाणी ठरत न्हाई. आता माझ्याबी पोटात ढवळून राह्यलंय. वैद्यांकडे निरोप धाडला, ते म्हणाले आधी कचेरीतून चिठ्ठी आणा."

"पाणी कुठलं पिता?"

"असं काय विचारता? आपल्या आडाचा रहाट मोडलाय तेव्हापास्नं कचेरीमागच्या विहिरीचंच आणते की. अख्खी आळी तिथंच भरते. लई गार पाणी आहे."

वामनराव खाली बसले. तेव्हा त्यांना ओट्याच्या कोपऱ्यातले खडे दिसले. प्रेमलाच्या ओच्याशेजारी, ओले.

"हे बी बघा," प्रेमला म्हणाली. "सकाळपास्नं दोनदा उचलून फेकले. परत कोण ठेवून जातंय काय की. एक बारका, एक चपटा. आता हा तिसरा आलाय, मोठा."

आतून अरुंधतीनं बारीक आवाजात आईला हाक मारली. प्रेमला भिंतीला धरत आत गेली.

वामनरावांनी तिन्ही खडे उचलले. आपण काय करतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. पायांना ठाऊक होतं. घरापुढं वाटेच्या कडेला एक मैलाचा दगड होता. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तो पुसला आणि खडे मांडले, तीन रांगांत, एकेका रांगेत एकेक. मग रीतीप्रमाणं वीस पावलं मागं सरले.

वाटेच्या पलीकडं चिंच आहे. चिंचेखाली कुणीतरी थांबलेलं होतं.

ऊन पानांतून त्याच्या कोटावर सांडत होतं. करडा कोट, कोरा. तट्टू माशा वारत होतं. वर बसलेला पोरगेला माणूस डोळ्यांवर आडवा हात धरून इकडंच पाहत होता, आणि त्याला काहीतरी निकडीचं काम आहे हे त्याच्या बसण्यावरूनच दिसत होतं.

"मालक!" वामनराव ओरडले. "मोजून घ्या! तीनच आहेत, मालक, अजून जित्ती आहेत! मोजून घ्या!"

स्वारानं खिशातून कागद काढला. तो उतरला नाही. त्याची पेन्सिल कागदाला एकदाच टेकली, आणि त्यानं लगाम खेचला.